डावखुऱ्याला उजवा सेट: पूर्ण रक्कम परत मिळणेबाबत

सी.बी.डी. बेलापूर, नवी मुंबई
दि. २४ जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: खारघर येथे २२ जानेवारी रोजी सकाळी खेळण्यासाठी चुकीचा गोल्फ सेट पुरवल्याबद्दल.

महोदय / महोदया,

मी नागपूरला राहतो. दाबमापक आणि तापमापक यांचं कॅलिब्रेशन हे माझं काम, आणि त्यासाठी तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यांत माझं नेहमी येणं होतं. विमानात देशांतर्गत प्रवासाला साधारण १५ किलो सामान मिळतं, ते माझ्या उपकरणांच्या पेटीतच संपतं. गोल्फची बॅग बरोबर आणायची म्हणजे वेगळे पैसे, शिवाय उतरल्यावर ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) अख्खा निघेल की नाही ही धाकधूक. कामानिमित्त फिरणाऱ्यांसाठी 'सेट हॉटेलवर, टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) आमच्याकडे' हे आपलं पॅकेज मी घेतलं ते याच कारणासाठी. सेटचं भाडं ३,५०० रुपये आणि मैदानाचे ३,२०० रुपये, असे एकूण ६,७०० रुपये आगाऊ भरले.

बुकिंग करताना 'लेफ्ट हँड' हा पर्याय निवडला होता. आपल्या पुष्टीच्या ईमेलमध्येही 'एलएच, रेग्युलर शाफ्ट' असंच लिहिलं आहे (एलएच म्हणजे लेफ्ट हँड; प्रत जोडली आहे). २१ तारखेला संध्याकाळी सात वाजता येणारी बॅग रात्री अकरानंतर आली. उघडून पाहिली तर आत चौदा क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या. नियमाने जास्तीत जास्त चौदाच नेता येतात, तेवढी काळजी आपण घेतलीत. त्यातले तेरा उजव्या हाताचे होते. चौदाव्याबद्दल पुढे लिहितो.

लगेच हेल्पलाइनला फोन लावला. बऱ्याच वेळाने लाइनवर आलेले गृहस्थ म्हणाले, "सर, ब्रँड सेम आहे." ब्रँडची तक्रार मी केलीच नव्हती. मग म्हणाले, "गोल्फ तर सगळे राइटनेच खेळतात, ट्राय करून बघा." त्यांच्या माहितीसाठी सांगतो. न्यूझीलंडचे बॉब चार्ल्स यांनी १९६३ साली ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली ती डाव्या बाजूने खेळून. २००३ ते २०१४ या काळात अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा सहा वेळा डाव्या बाजूने खेळणाऱ्यांनी जिंकली: एकदा माइक वेअर, तीनदा फिल मिकेल्सन, दोनदा बब्बा वॉटसन. मिकेल्सन तर एरवी उजव्या हाताचेच, गोल्फ तेवढं डावीकडून खेळतात. म्हणजे 'ट्राय' करणारे आहेत, पण ते लहानपणापासून करतात. आदल्या रात्री साडेअकराला हॉटेलच्या खोलीत नाही.

एखाददुसरा अपवाद सोडला तर क्लबला चेंडू मारायची बाजू एकच असते. तिचा उतार आणि दांडीचा कोन, सगळं त्या एका बाजूच्या हिशेबाने बनवलेलं असतं. डावखुऱ्याने उजवा क्लब धरला की चेंडूसमोर येते ती क्लबची पाठ. मी कारखान्यात दाबमापकाऐवजी तापमापक बसवून 'दोन्ही मीटरच आहेत' असं म्हटलं, तर मला गेटच्या आतही कोणी घेणार नाही.

सकाळी सात वाजता क्लबहाऊसवर बदली सेट मिळेल, असं त्याच फोनवर कबूल करण्यात आलं. जानेवारीत इथे सव्वासातच्या सुमारास उजाडतं. माझा टी टाइम सात वीसचा होता आणि साडेदहाला तळोज्यात हजर राहायचं होतं. नऊ होल खेळायला दोन तास तरी लागतातच. कामावर आलेल्या माणसाच्या हातात असते ती एवढीच फट, आणि आपण पैसे घेता ते तीच फट विकण्याचे. माझ्याबरोबर ग्राहक कंपनीतले एक साहेब होते. डोंगराच्या कुशीतलं सिडकोचं हे मैदान सकाळच्या थंडीत काय सुंदर दिसतं! तिथल्या लोकांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. खेळाडूंना वेळेनुसार सोडणाऱ्या स्टार्टरने आम्हाला थोडं थांबूही दिलं, पण मागचे खेळाडू खोळंबले होते. शेवटी साहेब खेळले आणि मी त्यांच्या बॅगेची ट्रॉली ओढली. त्यांनी आपले क्लब देऊ केले, पण तेही उजवेच.

कॅडीला (मैदानावरच्या मदतनिसाला) माझी दया आली असावी. तो म्हणाला, "सर, सात नंबरचा क्लब उलटा धरा, टोकाने मारा." झाडाखाली चेंडू अडकला की असं करतात, नियमातही बसतं. मारलं. चेंडू वीस पावलांवर जाऊन गवतात बसला. साहेब हसले नाहीत, हे जास्त लागलं.

साडेआठला आपला मुलगा दुचाकीवरून आला. त्या पोराची काही चूक नव्हती, त्याला हातात दिलं ते त्याने आणलं. त्याने आणला होता एक पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा क्लब. डाव्या हाताचा. आता तो चौदावा क्लब: बॅगेतला पटर दोन्ही बाजूंनी सपाट, डाव्या-उजव्या कोणालाही चालणारा होता. म्हणजे जी एकच वस्तू बदलायची गरज नव्हती, नेमकी तीच आपण बदलून पाठवलीत.

२३ तारखेला आलेल्या आपल्या उत्तरात 'समकक्ष सेट व बदली साहित्य पुरवले असल्याने सेवा पूर्ण झाली आहे' असं लिहून, ९० दिवसांत वापरण्यासाठी २५ टक्के क्रेडिट देऊ केलं आहे. ते मला नको. सेट समकक्ष नव्हता आणि सेवा पूर्ण झाली नाही. मैदानाची फी वेगळी धरू नये. सेटशिवाय मैदान घेऊन मी काय करणार होतो? आणि गोल्फसारख्या 'बड्यांच्या' खेळाचे पैसे काय परत मागायचे, असा जो सूर फोनवर होता, तो कृपया आवरावा. हे पैसे माझ्या पगारातले आहेत, कंपनीच्या प्रवासखर्चातले नाहीत.

माझी मागणी साधी आहे. ६,७०० रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात १५ दिवसांत जमा करावेत, आणि सेट पाठवण्यापूर्वी तो डावा की उजवा हे कोण तपासतं ते मला लेखी कळवावं. ड्रायव्हर बाहेर काढून एकदा बघितलं तरी कळतं.

तसं न झाल्यास आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, तेव्हा तारखांना आपल्याला नागपूरला यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, त्यामुळे मला परवडेल.

आणखी एक. आपली बॅग, जादाच्या पटरसह, मी २२ तारखेलाच हॉटेलच्या रिसेप्शनवर ठेवून त्यांची सही घेतली आहे. ती न्यायला अजून कोणी आलेलं नाही. मात्र आज सकाळी 'सेट परत न केल्याबद्दल प्रतिदिन ५०० रुपये आकारले जातील' असा मेसेज आला. तो आकार रद्द करावा आणि बॅग घेऊन जावी. रिसेप्शनवाले रोज विचारतात.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत: पुष्टीचा ईमेल, पैसे भरल्याची पावती, बॅगेतल्या क्लबचे फोटो, रिसेप्शनची पोच.