हार्टिंग्टन साधू नव्हता

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लिबरल नेत्यावरचा, लॉर्ड हार्टिंग्टनवरचा लेख वाचला, आवडला, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. ब्रिटनचं पंतप्रधानपद तीनदा चालून आलं आणि तिन्ही वेळा तो नाही म्हणाला, इथपर्यंत बरोबर. पण लेखात त्याला एकदम निर्मोही साधू करून टाकलंय ते काही पटलं नाही. अहो साधू कसला, रेसचे घोडे, पत्ते आणि मँचेस्टरच्या ड्यूकची बायको लुईझ ह्यांच्यात रमलेला माणूस! तो ड्यूक १८९० ला गेला, १८९२ ला ह्यांनी लग्न केलं, तोवर हा स्वतः डेव्हनशायरचा ड्यूक झालेला म्हणून लोक तिला डबल डचेस म्हणायचे. असो, तो विषय नाही.

१८८० चं बघा. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनने १८७५ मध्येच लिबरल पार्टीचं नेतृत्व सोडलेलं, कॉमन्समध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) पार्टी हार्टिंग्टनच चालवत होता, निवडणूक जिंकल्यावर राणी व्हिक्टोरियाने बोलावलं ते पण त्यालाच, कारण तिला ग्लॅडस्टन डोळ्यासमोर नको होता. पण ग्लॅडस्टन म्हणाला मी कुणाच्या हाताखाली काम करणार नाही, आणि त्याला बाहेर ठेवून सरकार चार दिवस टिकलं नसतं. मग नाही म्हणण्यात त्याग कुठला आला, गणितच जुळत नव्हतं.

पुढचे दोन नकार १८८६-८७ चे. आयर्लंडच्या होम रूलवरून, म्हणजे तिथे त्यांची वेगळी संसद देण्यावरून, ह्याने ग्लॅडस्टनची साथ सोडली, जूनमध्ये ते बिल ३० मतांनी पडलं, लिबरल पार्टी फुटली. नंतरच्या निवडणुकीत टोरींना (कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीला) स्वतःचं बहुमत नाही, म्हणून त्यांचा नेता सॉल्सबरी म्हणाला तू पीएम हो, मी तुझ्या हाताखाली येतो. सॉल्सबरीचा अर्थमंत्री रँडॉल्फ चर्चिलने राजीनामा फेकला तेव्हा परत तेच. पण टोरींच्या सरकारचा प्रमुख झाला असता तर ह्याच्याबरोबर फुटून आलेले लिबरल लोक बिथरले असते, आणि बाहेर बसून सरकारची दोरी हातात होतीच की. १८९५ ला सॉल्सबरीच्याच मंत्रिमंडळात गेला ना शेवटी?

आणि भावाच्या खुनाला लेखात फक्त एक ओळ?? ६ मे १८८२, धाकटा भाऊ फ्रेडरिक आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी (तिथला कारभार बघणारा ब्रिटिश मंत्री) म्हणून डब्लिनला पोचला आणि त्याच संध्याकाळी फिनिक्स पार्कमध्ये सुऱ्यांनी भोसकून मारला. मारेकऱ्यांना खरं तर बरोबरचा तिथला बडा सरकारी अधिकारी बर्क हवा होता, हा सोबत होता म्हणून गेला. हेच पद आधी हार्टिंग्टनने सांभाळलेलं, घराण्याची जमीनही तिकडे लिस्मोरला, म्हणजे आयर्लंड त्याला काही नकाशावर बघून माहीत नव्हतं. होम रूलला विरोध फक्त भावामुळे केला असं मी म्हणत नाही, मतं त्याची आधीपासून तशीच होती. पण हा घाव वगळून तो माणूस कसा कळणार?

फ्रेडरिकची बायको लूसी ही ग्लॅडस्टनच्या बायकोची सख्खी भाची, तिचं तर लेखात नावही नाही. नवरा आयर्लंडमध्ये मारला गेला तरी ती होम रूलच्याच बाजूची राहिली, आणि दिराने त्याच प्रश्नावर पार्टी फोडली. तिच्यावर एक लेख छापा की.

– एक नियमित वाचक