एका खोलीची शाळा, १९१० सालची

प्रिय सुन्या,

फोनच करणार होतो पण हे फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. लेकीच्या वर्गाची ट्रिप होती, सोबत पालक हवे होते, तर रजा टाकून गेलो. इथे टोरांटोत फिंच अव्हेन्यूवर झायन स्कूलहाऊस म्हणून एक शाळा आहे, १८६९ साली बांधलेली, विटांची, एकच खोली. आता चहूबाजूंनी घरं आणि गाड्या, पण तेव्हा सगळी शेतं होती आणि शेतकऱ्यांची पोरं चालत यायची. १९५० नंतरही काही वर्षं शाळा खरोखर भरत होती. नंतर ती दुरुस्त करून आतून १९१० मधे असेल तशी ठेवलीय, आणि मुलांनी नुसतं बघून परत यायचं नाही, १९१० चे विद्यार्थी होऊन बसायचं.

लांब स्कर्ट घातलेल्या बाईंनी हातातली घंटा वाजवली की मुलं रांगेत आत, नाव घेतलं की उभं राहूनच उत्तर. दगडी पाट्या वाटल्या तेव्हा मला काही नवल वाटलं नाही, आपण दोघंही पाटीवरच शिकलो. पण टाक आणि दौत? ते आपणही फक्त आजोबांकडून ऐकलेलं. लेकीने टाक बुडवला, उचलला आणि पहिलंच अक्षर काढताना कागदावर हा एवढा डाग! बाई शांतपणे म्हणाल्या, निब दौतीच्या काठाला टेकव, जादाची शाई गळू दे, मग लिही, आणि दाबू नकोस. सुन्या, टॅबवर भराभर बोटं फिरवणारी ही पोरगी जीभ बाहेर काढून एकेक अक्षर काढत होती, दर दोनतीन शब्दांनी परत टाक बुडवायचा, टीपकागद दाबायचा. सगळा वर्ग चिडीचूप. एक ओळ पूर्ण झाली तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ना, ते मी कुठल्याच गुणपत्रिकेनंतर बघितलेलं नाही.

आणि तुझी आठवण कशावरून आली सांगतो. अशा शाळेत एकच बाई सगळ्यांना शिकवायच्या, अक्षरं गिरवणाऱ्या चिमुरड्यांपासून हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या थोराड पोरांपर्यंत. एका गटाला पुढे बोलावून धडा म्हणून घ्यायचा, तेवढ्यात बाकीचे पाटीवर गणितं सोडवणार, मोठे लहानांचं घेणार. इथल्या लोकांना हे सगळं जुन्या काळातलं वाटतं, पण तू वाडीवरच्या शाळेत चार इयत्ता एकत्र घेऊन रोज हेच करतोयस. मी ते एका सोबतच्या पालकांना सांगितलं तर त्यांना आधी खरंच वाटेना. मला फार अभिमान वाटला रे तुझा.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ऑन्टारियोत १८७१ लाच कायदा झाला, शाळा फुकट आणि सक्तीची. त्या काळच्या नकाशांत ब्रिटिश साम्राज्य गुलाबी रंगवायचे, त्यात कॅनडा पण गुलाबी आणि आपणही. राजा तोच. आणि त्याच १९१० मधे मार्च महिन्यात आपले गोखले कलकत्त्याला इंग्रज सरकारच्या कायदे कौन्सिलात उभे राहून प्राथमिक शिक्षण फुकट आणि सक्तीचं करा असा ठराव मांडत होते, पुढच्या वर्षी विधेयकच आणलं, ते १९१२ ला ३८ विरुद्ध १३ मतांनी पाडलं. महात्मा फुल्यांनी तर १८८२ लाच सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं होतं, निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा म्हणून. बरं आपल्याकडे होणारच नव्हतं असंही नाही, बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ ला सगळ्या संस्थानात करून दाखवलं होतंच की. आपल्याला आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, लागू झाला २०१० च्या एप्रिलमधे, म्हणजे गोखल्यांच्या ठरावानंतर शंभर वर्षांनी. शंभर वर्षं, सुन्या! किती पिढ्या गुरं राखण्यात गेल्या. मला त्या बाकावर बसून याचा खरंच राग आला.

आणि १९१० मधे माझी लेक त्या बाकावर बसूही शकली नसती. १९०८ पासून कॅनडाचा नियम होता की आपापल्या देशातून थेट, मधे न थांबता आलात तरच प्रवेश, आणि भारतातून तशी थेट बोट मिळतच नव्हती. घरी येताना गाडीत तिला हे सांगितलं. ती म्हणाली मग आज बाईंनी हे का नाही सांगितलं. मलाही वाटतं सांगायला हवं, मुलांना कळतं सगळं. शाळेला तसं लिहून कळवणार आहे.

बरं, आता कामाचं. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही येतोय. लेकीला एक दिवस तुझ्या वर्गात बसायचंय, तिने स्वतःहून विचारलंय. केंद्रप्रमुखांची परवानगी लागत असेल तर आत्ताच विचारून ठेव. आणि पहिलीची मुलं वाचत असतात तेव्हा चौथीला तू नेमकं काय देतोस ते सविस्तर लिही, वेळापत्रकाचा फोटो टाकलास तरी चालेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिल्या