हाजीसाठी लाल टोप्या

कॉव्हेंट्री (इंग्लंड), रविवार

ती. आण्णा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या तुझ्या गावाच्या फुटबॉल टीमकडनं कोण नावाजलेला खेळलाय का?" तेवढ्यात काकूंनी जेवायला हाक मारली आणि तुम्ही उठलात. म्हणून सविस्तर लिहितोय.

खेळलाय की. मुस्तफा हाजी, मोरोक्कोचा. जन्म 1971 चा, तिकडच्या डोंगराळ भागातला. लहानपणीच घरचे फ्रान्सला आले, नान्सीच्या क्लबात तो तयार झाला, पण खेळला मात्र मोरोक्कोकडनं. 1994 चा वर्ल्ड कप खेळला, पण नाव झालं ते 1998 ला. नॉर्वेविरुद्धचा त्याचा गोल तुम्ही मोबाईलवर बघाच. डावीकडनं बॉल घेऊन आत शिरतो, समोरच्या ताडमाड बचावपटूला हुलकावणी देतो आणि जमिनीलगत कोपऱ्यात ठेवतो. तुम्ही कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या कठड्याला टेकून "आत घे, आत घे" ओरडायचात ना, तसंच.

ती मॅच 2-2 सुटली. पुढं ब्राझीलनं तीन घातले. गटातल्या शेवटच्या मॅचला स्कॉटलंडला यांनी 3-0 मारलं. आता ब्राझील नॉर्वेकडून हरला नाही की हे पुढं. आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत नॉर्वेला पेनल्टी मिळाली, ब्राझील 1-2 हरला, मोरोक्को घरी! रेफ्रीला सगळ्यांनी शिव्या घातल्या. नंतर दुसऱ्या कोनातलं चित्रण आलं, तर फाऊल खरोखरच झाला होता. त्या वर्षी आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून हाजीची निवड झाली, एवढंच समाधान.

तेव्हा तो स्पेनमध्ये देपोर्तिव्हो क्लबात होता. 1999 मध्ये त्यानं ते सोडलं आणि इकडं आमच्या कॉव्हेंट्रीच्या टीमला आला. अन् देपोर्तिव्होनं लगेच पुढच्याच मोसमात स्पॅनिश लीग जिंकली. आता काय म्हणावं?

इथं त्याच्याबरोबर युसूफ शिप्पो हाही मोरोक्कोचाच गडी आला. दोघांसाठी लोक मोरोक्कोत घालतात तशा लाल फेझ टोप्या घालून मॅचला यायला लागले, वर काळा गोंडा. आमच्या ऑफिसात एक पन्नाशीचा गोरा आहे, त्याच्याकडं ती अजून आहे. रंग विटलाय, गोंड्याचे निम्मे धागे गेलेत, पण ड्रॉवरमधून काढून दाखवतो. माझ्याशी एरवी हवामानापलीकडं बोलत नव्हता. हाजीचं नाव काढलं आणि जेवणाची सुट्टी संपली तरी गडी थांबेना.

खरी गोष्ट पुढं आहे. कॉव्हेंट्री 1967 पासून सलग 34 वर्षं इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये होती. 2001 च्या मेमध्ये तिथनं खाली घसरायची वेळ आली. मॅच बर्मिंगहॅमला, ॲस्टन व्हिला क्लबच्या मैदानावर. हाजीनं पहिल्या अर्ध्या तासातच दोन गोल मारले, 2-0. आणि दुसऱ्या हाफमध्ये व्हिलानं तीन घातले. टीम खाली गेली.

आणि त्याच उन्हाळ्यात हाजी गेला कुठं? व्हिलाला!

तुमच्या डोळ्यांसमोर लगेच आपल्या पेठा आल्या असतील. नोंदणीच्या वेळी पोरगं शेजारच्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये गेलं की गल्लीत महिनाभर काय काय चालतं! तसा राग इथं असणार असं वाटून मी त्या गोऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन गोल त्यानं मारले. तीन खाल्ले ते आम्ही. त्याच्यावर कशाला चिडू?" मला पटलं. तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे.

व्हिलात मात्र त्याला मनासारखं खेळायला मिळालं नाही. मग स्पेनचा एस्पान्योल क्लब, पुढं आखाती देशात, जर्मनीत, शेवटी लक्झेंबर्गमध्ये फोला एश क्लबकडनं. नंतर बरीच वर्षं मोरोक्कोचा सहप्रशिक्षक होता. 2022 ला कतारच्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्को सेमीफायनलला गेला तेव्हा तिथंही तो नव्हता, त्याआधीच प्रशिक्षक मंडळी बदलली होती. त्याचा धाकटा भाऊ युसूफ, तोही मोरोक्कोकडनं खेळला, 2004 ला आफ्रिका कपच्या फायनलपर्यंत गेला.

कॉव्हेंट्रीचं जुनं हायफील्ड रोड मैदान पाडून तिथं घरं बांधलीत. सध्याची टीम शहराच्या दुसऱ्या टोकाला खेळते. तिकिटं महाग आहेत, पण तुम्ही याल तेव्हा काढूच. व्हिसाच्या कागदांचं दादाला जरा सांगा, तो नुसता हो म्हणतो. गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? काकूंना नमस्कार.

तुमचा,
बाळू