एमिली रीड यांना आभाराचं पत्र

आदरणीय रीडबाई,

स. न. वि. वि.

1959 साली तुम्ही अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या ग्रंथालय सेवेच्या संचालक होतात. मॉन्टगोमेरीतल्या तुमच्या कचेरीचं काम म्हणजे पुस्तकं निवडून विकत घ्यायची आणि ज्या छोट्या गावांना ती परवडत नाहीत, त्यांच्या ग्रंथालयांना पुरवायची. त्या वर्षी एका बालपुस्तकावरून तुमच्यावर जे आलं, ते तुम्ही ज्या रीतीने निभावलंत त्याबद्दल हे पत्र. आम्ही वाचनालयांचे बालविभाग सांभाळणारी माणसं. एखाद्या पुस्तकावर तक्रार आली की काय करावं आणि काय टाळावं, हे आम्हाला तुमच्या प्रकरणातून नेमकं शिकता येतं.

पुस्तक होतं गार्थ विल्यम्स यांचं ‘द रॅबिट्स वेडिंग’, हार्पर प्रकाशनाने 1958 साली काढलेलं. एक काळा ससा आणि एक पांढरी सशीण रानात खेळतात. काळा ससा मधूनच गप्प होतो, कारण तिने कायम आपल्याजवळ राहावं असं त्याला वाटत असतं. मग दोघं कानांत डँडेलियनची पिवळी फुलं खोचतात, लग्न लागतं आणि चांदण्यात रानातले प्राणी त्यांच्याभोवती फेर धरतात. गोष्ट एवढीच. ‘शार्लट्स वेब’ या बालकादंबरीची चित्रं काढणारे विल्यम्स हेच. काळा घोडा आणि पांढरा घोडा शेजारी उभे राहिले की चित्र खुलतं, एवढाच आपला विचार होता, असं त्यांनी सांगितलं. जुन्या चिनी चित्रांचा दाखलाही दिला. हे पुस्तक मोठ्यांसाठी नाहीच, असंही ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पण नर काळा आणि मादी पांढरी, हे अलाबामात खपण्यासारखं नव्हतं. 1901 च्या राज्यघटनेतल्या 102 व्या कलमाने कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या लग्नाला मुभा देणारा कायदा करायलाच विधिमंडळाला मनाई केली होती, आणि असं लग्न करणाऱ्याला 2 ते 7 वर्षांचा तुरुंगवास होता. त्याच 1959 च्या जानेवारीत व्हर्जिनिया राज्यात लव्हिंग या गोऱ्या-काळ्या दांपत्याला असंच लग्न केल्याबद्दल 1 वर्षाची शिक्षा झाली, आणि 25 वर्षं राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर ती स्थगित झाली. अशा हवेत व्हाइट सिटिझन्स कौन्सिल या वर्णभेदाच्या पुरस्कर्त्या संघटनेच्या मॉन्टगोमेरीतल्या वृत्तपत्राने सशांवर झोड उठवली आणि राज्य सिनेटर ई. ओ. एडिन्स यांनी असली पुस्तकं जाळायला हवीत असं जाहीर केलं.

तुम्ही पुस्तक स्वतः वाचलं होतं. त्यात आक्षेपार्ह काही नाही, असं तुम्ही सांगितलंत. तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजण शेवटच्या पानापर्यंत पोचतात, हे बालविभागातल्या कुणालाही विचारावं. म्हणून हे पहिले आभार.

तुमच्यावरच्या दबावाची खरी नस पैशात होती. 1956 च्या ग्रंथालय सेवा कायद्याने वॉशिंग्टनहून ग्रामीण ग्रंथालयांसाठी निधी येऊ लागला होता, पण राज्याने आपला वाटा घातला तरच. म्हणजे विधिमंडळाने तुमचं अंदाजपत्रक कापलं तर दोन्हीकडचे पैसे जाणार, आणि झळ लागणार दूरच्या खेड्यातल्या वाचकाला. पुस्तक रद्दबातल करून तुम्ही ही टांगती तलवार दूर करू शकला असतात. तुम्ही ते राखीव कपाटात ठेवलंत: एखाद्या ग्रंथालयाने नाव घेऊन मागितलं तर पाठवायचं.

या राखीव कपाटाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आमचा रोजचा संबंध त्याच्याशीच येतो. मुक्तद्वार मांडणीत, म्हणजे वाचक स्वतः कपाटातून पुस्तकं काढून बघतो तिथे, पुस्तक चाळता चाळता सापडतं. राखीव झालं की ते आधी माहीत असावं लागतं, मग मागावं लागतं, आणि मागणाऱ्याचं नाव मागणीपत्रावर राहतं. भीतीच्या काळात छोट्या गावातली ग्रंथपाल असं नाव लावायला कचरते. मागणी आटते, आणि आटलेली मागणी पुढे पुस्तक काढून टाकायचं कारण बनते. मुलांच्या बाबतीत हे जास्तच खरं, कारण चार वर्षांचं मूल मागणीपत्र भरत नाही. तरीही पुस्तक दाखल नोंदवहीत राहणं आणि तिच्यातून खोडलं जाणं यांत मोठा फरक आहे. नोंद असलेलं पुस्तक उद्या पुन्हा मांडणीवर येऊ शकतं. तो फरक तुम्ही राखलात. आमच्या मते आज याहून एक पाऊल पुढे जावं: तक्रार लेखी घ्यावी, पानाच्या क्रमांकासह घ्यावी, निवडीचं कारण आधीपासून नोंदलेलं असावं आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक आपल्या नेहमीच्या जागीच राहावं.

सर्वांत मोठं ऋण मात्र यादीचं आहे. सशांचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची उल्लेखनीय पुस्तकांची यादी तुमच्या कचेरीने राज्यातल्या ग्रंथालयांना पाठवली. तिच्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचं ‘स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम’ होतं, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध झालेल्या 1955-56 च्या बस बहिष्काराची हकिगत, तुमच्याच शहरात घडलेली. यादीतली एक ओळ गाळणं फार सोपं असतं. टंकलेखनात राहून गेली म्हटलं की कुणी विचारतही नाही. ती ओळ तुम्ही जाऊ दिलीत. एडिन्स यांनी मग तुमचा राजीनामा मागितला, आणि संचालक अलाबामातच जन्मलेला असावा असं विधेयक पुढे आलं. तुमचा जन्म नॉर्थ कॅरोलायनातला, त्यामुळे रोख कुणावर हे उघड होतं.

1960 साली तुम्ही वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेलात. दोन वर्षांनी न्यायालयाच्या आदेशाने मॉन्टगोमेरीचं ग्रंथालय सर्वांना खुलं झालं, तेव्हा काळे-गोरे शेजारी बसू नयेत म्हणून तिथल्या खुर्च्याच काढून टाकल्या गेल्या. लग्नबंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रद्द केले, पण अलाबामाच्या घटनेतलं ते कलम निघालं नोव्हेंबर 2000 मध्ये, आणि तेव्हाही सुमारे 40 टक्के मतं ते ठेवावं म्हणणारी होती. तुम्ही त्याच वर्षीच्या मे महिन्यात हे जग सोडलंत.

वाचून मत दिल्याबद्दल, नोंद न खोडल्याबद्दल आणि यादी पुरी पाठवल्याबद्दल आम्ही तुमचे मनापासून आभारी आहोत.

कळावे,
बालविभागांत काम करणारे काही मराठी ग्रंथपाल