त्या निळ्या चित्राबद्दल

प्रिय मनू,

परवा फोनवर म्हणालीस ना, "बाबा त्यात बघायचंय काय, नुसता निळा रंग तर फासलाय", तेव्हा मी हसून विषय बदलला, पण ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मध्येच तोडतेस, पत्रात तरी पूर्ण बोलू देशील.

तर मिल्टन एव्हरी हा अमेरिकन चित्रकार, त्याचं हे निळं चित्र १९५८ चं, 'सी ग्रासेस अँड ब्लू सी', न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमकडे असतं. तू पाहिलंस मोबाइलवर तळहाताएवढं, मूळ कॅनव्हास दीड मीटरच्या आसपास उंच आणि रुंदीला त्याहून जास्त, म्हणजे समोर उभं राहिलं की डोळ्यात दुसरं काही मावतच नसणार. वर आकाशाची जेमतेम पट्टी, मग गर्द निळा समुद्र, त्यात काळे फाटकेतुटके डाग म्हणजे लाटा, आणि खाली फिकट गवत. झालं. बोट नाही, माणूस नाही, पक्षीसुद्धा नाही!

आता सगळे याला ध्यानाला बसल्यासारखं चित्र वगैरे म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. कारण समुद्र आणि गवताची हद्द बघ, आडवी नाहीये, तिरकी आहे, त्यामुळे नजर एका जागी ठरतच नाही, घसरत घसरत त्या काळ्या डागांवर जाते आणि तिथून परत वर. गुळगुळीत शांतता नाही ही. पण नजरेला पकडायला वस्तूच दिलेली नाही ना, मग थोड्या वेळाने ती शोधाशोध सोडून देते, आणि खरी मजा तिथून पुढे आहे.

स्वप्नासारखं का वाटतं तर (हा माझा अंदाज हां) एव्हरी उन्हाळ्यात समुद्राकाठी स्केचेस, वॉटरकलर करायचा आणि मोठं पेंटिंग बऱ्याचदा घरी परतल्यावर करायचा, तोपर्यंत बारीकसारीक सगळं गळून गेलेलं आणि उरलंय तेवढंच कॅनव्हासवर. रंगही टर्पेंटाइनने पातळ केलेला, जाड लेप कुठे नाही. रॉथको त्याचा दोस्त, वयाने बराच लहान, ते मोठमोठे रंगांचे चौकोन काढणारा, त्याने याच्याकडून पुष्कळ घेतलं. आणि बायको सॅली, ती इलस्ट्रेशनची कामं करून घर चालवायची म्हणून हा दिवसभर रंगवू शकला, हे लोक सांगायला विसरतात.

हे चित्र काढलं तेव्हा त्र्याहत्तरचा होता, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला. तरी म्हातारपणाचा थकवा त्यात मला तरी दिसत नाही, उलट ते काळे डाग चांगलेच दांडगे आहेत.

रविवारी लॅपटॉपवर मोठं करून बघ, गाणी बंद ठेवून, आणि ते काळे डाग तुला लाटा वाटतात की ढगांच्या सावल्या ते कळव. आई सावल्या म्हणते, माझं तिच्याशी भांडण चालू आहे.

तुझा,
बाबा