सेंट्रिफ्यूज घेण्याआधी: संगीतास पत्र

हिंगणघाट, जि. वर्धा
२० नोव्हेंबर

प्रिय संगीता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. कॉलेजला सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या जोरात फिरवून कण तळाला बसवणारं मशीन, मंजूर झालं हे वाचून मनापासून आनंद झाला. किती वर्षं तू त्यासाठी अर्ज करून राहिली होतीस! आता मशीन मोठ्या वेगाचं घ्यावं की साधं, आणि पोरींना रुग्णांच्या रक्तातून इम्यून कॉम्प्लेक्स, म्हणजे परका पदार्थ आणि त्याला चिकटलेलं प्रतिपिंड यांचे गुंते, काढायचा प्रकल्प द्यावा का, असं तू विचारलंस. सविस्तर लिहिते.

आधी फेऱ्यांच्या आकड्याला भुलू नको. मिनिटाला ४,००० फेऱ्या म्हटलं तरी नळीवर जोर किती पडतो ते मधल्या आसापासून नळीच्या बुडापर्यंतच्या अंतरावरही ठरतं. ते अंतर सेंटिमीटरमध्ये घे, फेऱ्यांच्या वर्गाने गुण, मग ०.००००१११८ ने गुण. गुरुत्वाच्या किती पट जोर पडतो ते मिळेल. १० सेंटिमीटरला ४,००० फेऱ्यांत सुमारे १,७९० पट येतात, १५ सेंटिमीटरला २,६८०. फेऱ्या दुप्पट केल्या की जोर चौपट. म्हणून पोरींच्या वहीत नुसत्या फेऱ्या चालवून घेऊ नको, पट लिहायला लाव.

रक्तपेशी हजार-दीड हजार पटीत दहा मिनिटांत खाली येतात. जिवाणूंना साधारण तीन ते पाच हजार पट आणि पंधरा मिनिटं लागतात. विषाणूंना लाखाच्या घरातली पट आणि तासन्‌तास. ते अल्ट्रासेंट्रिफ्यूजचं काम, कॉलेजचं नाही. बाकी सगळं सारखं असताना कणाचा व्यास अर्धा झाला की तळाला जायचा वेग चौथाई होतो, एवढं नीट समजलं तरी पोरींचं निम्मं काम झालं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तळाशी बसलं ते शुद्ध, असं पोरींना कधीच वाटू देऊ नको. खळ्यावर तूर उपणताना दाण्यासोबत तेवढ्याच वजनाचे खडेही खालीच पडतात ना, तसंच हे. यंत्राला आकार आणि घनता कळते. हा जिवाणू कोणता, ते त्याला कळत नाही. म्हणून एकदा फिरवून भागत नाही. वरचं पाणी ओतायचं, ताज्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तळाचा गोळा मोकळा करायचा, पुन्हा फिरवायचं. एवढं करूनही शुद्ध वाण हवा असेल तर जिवाणू वाढवायच्या प्लेटवर रेघा ओढून एकेकटी वसाहत वेगळी काढावीच लागते.

सुरुवात हरभऱ्यापासून कर. आता पेरण्या झाल्यात, महिन्याभरात मुळांवर गाठी धरतील. झाड उपटू नको. काळ्या मातीत गाठी तुटून राहतात. मातीच्या ढेकळासकट खोदून काढ आणि पाण्यात भिजत ठेव. चांगली गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसते. गाठी बाहेरून निर्जंतुक करून थंड बफरमध्ये ठेच, कापडातून गाळ. आधी तीन-चारशे पटीवर थोडा वेळ फिरव, म्हणजे झाडाचा चोथा खाली जाईल. मग वरचा गढूळ द्रव जपून दुसऱ्या नळीत घेऊन पाच हजारांच्या आसपास फिरव. आता गाठीतले जिवाणू, रायझोबियम, खाली येतील. नळी तिरपी बसणारी असेल तर गोळा बुडाच्या मधोमध बसत नाही, बाहेरच्या बाजूला भिंतीला चिकटतो. फिरवायच्या आधीच त्या बाजूला मार्करने खूण करून ठेव, नाहीतर ओतताना गोळाच निघून जाईल. शेवटी काँगो रेड हा रंग घातलेल्या मॅनिटॉल अगारच्या प्लेटवर रेघा ओढ. रायझोबियम तो रंग फारसा घेत नाहीत, वसाहती पांढरटच राहतात.

इम्यून कॉम्प्लेक्सचं मात्र वेगळं आहे. प्रतिजन (तो परका पदार्थ) आणि प्रतिपिंड यांचा हा गुंता पेशीपेक्षा फारच लहान. स्वेडबर्ग यांना १९२६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तळाला जायचा वेग मोजायच्या त्यांच्याच नावाच्या एककात आयजीजी हे प्रतिपिंड ७ आणि आयजीएम हे मोठं प्रतिपिंड १९ भरतं. साखरेच्या १० ते ४० टक्क्यांच्या थरांवर सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) ठेवून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं तर सुटं आयजीजी वर राहतं आणि जड गुंते आणखी खाली जातात. आपल्याकडे ते नाही, म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉल, आपलं पीईजी ६०००, वापरायचं. सीरममध्ये त्याचं प्रमाण साडेतीन-चार टक्के होईल असं मिसळून रात्रभर ४ अंशांवर ठेव, सकाळी दोन हजार पटीवर थंडच फिरव. गुंते खाली येतात, सुटं आयजीजी बहुतेक वरच राहतं. पीईजी वाढवलं की तेही खाली ओढलं जातं, म्हणून प्रमाण काटेकोर हवं. धुताना साधं सलाईन घेऊ नको, गोळा विरघळून जाईल. तेवढ्याच टक्क्यांच्या पीईजीने धू.

उन्हाचंही ध्यानात ठेव वं. आयजीजी तापवलं तर त्याचे आपसातच गोळे होतात आणि चाचणीत ते इम्यून कॉम्प्लेक्ससारखेच वागतात. कृत्रिम नमुना म्हणून प्रयोगशाळेत मुद्दाम तसंच करतात. सीरम वारंवार गोठवलं-वितळवलं तरी असे गोळे होतात. म्हणून थंड राहणारं, रेफ्रिजरेटेड मशीनच घे. फेऱ्या थोड्या कमी असल्या तरी चालेल, पण आपल्या मे महिन्यात साध्या मशीनमधला नमुना गरमच निघणार. आणि प्रत्येक वेळी निरोगी माणसाचं सीरम त्याच पद्धतीने सोबत फिरव.

सेवाग्रामला हत्तीरोगाच्या रुग्णांच्या रक्तातल्या या गुंत्यांवर चांगलं काम झालंय, त्यामुळे विषय आपल्या मातीचाच आहे. पण रुग्णाचं रक्त घ्यायला रीतसर संमती आणि नैतिकता समितीची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत पोरींच्या हाती ते देऊ नको. क्षयाचा बेडका तर तुमच्याकडे अजिबात फिरवायचा नाही. नळी फुटली की डोळ्यांना न दिसणारे थेंब हवेत उडतात. कुठलीही नळी आत फुटली तर झाकण लगेच उघडू नको, निदान अर्धा तास बंदच ठेव.

मशीन घेताना दोन गोष्टी दुकानदाराकडून चालवून बघ: फिरणं पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडत नाही ना, आणि समोरासमोरच्या नळ्या असमान ठेवल्यावर ते आपोआप बंद होतं ना. बकेटला (नळ्या ठेवायच्या भांड्यांना) घट्ट झाकणं मिळत असतील तर तीही घे. लाईट गेली आणि नळ्या तशाच आत पडून राहिल्या तर सैल गोळा परत वर उठतो, म्हणून इन्व्हर्टरवर मशीन किती वेळ चालेल तेही विचार.

हरभरा महिन्याचा झाला की कळव. मी एखाद्या शनिवारी एस.टी.ने घाटंजीला येते, पीईजी आणि काँगो रेड सोबत आणते. पहिलं फिरवणं पोरींकडूनच करून घेऊ. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे तेही लिही.

तुझी,
वंदना