कुत्र्यांच्या मैदानाबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच कटला आणि बाबांचा आवाज काळजीचा वाटला, म्हणून सविस्तर लिहिते. माझी तब्येत उत्तम आहे, नोकरी नीट चालू आहे. बाकी रोजचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आई, "एवढं शिकून लोकांची कुत्री फिरवतेस?" असं तू विचारलंस. तसं नाही गं. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून त्यांच्या कुत्र्याला मी संध्याकाळी बाहेर नेते. कोणी जबरदस्ती केलेली नाही आणि मी पैसेही घेत नाही. ऑफिसातून येऊन एकटीने खोलीत बसण्यापेक्षा चार माणसं भेटतात. त्यातूनच मैदानाच्या कामात आले.

इथे बागेत साखळी हातातून सोडायची नसते, म्हणून कुत्र्यांना धावायला कुंपण घातलेली वेगळी जागा ठेवतात. अमेरिकेतली अशी पहिली जागा 1979 साली बर्कलीत झाली असं मानतात. आता ठिकठिकाणी आहेत. आमच्या जवळच्या बागेचा एक कोपरा आम्ही पालिकेकडे मागतोय. आंदोलन वगैरे काही नाही बाबा, रीतसर अर्ज आणि आराखडा आहे.

आराखड्यात सगळ्यात जास्त चर्चा कशावर होते माहितीये? फाटकावर! फाटकं दोन लागतात. बाहेरचं उघडून आधी एका छोट्या चौकात यायचं, ते मागे लावून घ्यायचं, तिथेच साखळी काढायची आणि मगच आतलं उघडायचं. दोन्ही एकदम उघडायची नाहीत, म्हणजे कुत्रं रस्त्यावर पळत नाही. साखळी तिथेच का काढायची, तर मोकळ्या कुत्र्यांत एकटं बांधलेलं कुत्रं घाबरतं. त्याला पळता येत नाही, मग ते अंगावर जातं. बाकंही फाटकाजवळ ठेवायची नाहीत. मालक तिथे बसले की त्यांची कुत्री तिथेच जमतात आणि नव्याने येणाऱ्याला घेरतात. कुंपणाचे कोपरेसुद्धा गोलसर ठेवायचे, एखादं कुत्रं कोंडीत सापडू नये म्हणून. हे सगळं मला आता इतकं पटलंय की कुठलंही कुंपण दिसलं की आधी कोपरे बघते.

बाबा, "चावलं तर?" हा तुमचा प्रश्न. रेबीजची लस घेतलेल्या कुत्र्यांनाच आत घ्यायचं, हा आमचा पहिला नियम आहे. लहान पिल्लांना लसीचे सगळे डोस होईपर्यंत आणायचं नाही, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. मोठ्या आणि छोट्या कुत्र्यांच्या जागा वेगळ्या. विष्ठा मालकाने लगेच उचलायची. तिच्यातून जंतांची अंडी मातीत जातात, ती काही शेणखत नव्हे. खाऊ आणि चेंडू आत न्यायचे नाहीत, भांडणं बहुधा त्यावरूनच होतात. आणि मैदान झालं की मी फाटकाशी उभी राहीन, कुत्र्यांच्या मध्ये नाही.

मी भांडले ते झाडांसाठी. त्या कोपऱ्यात जुनी मोठी झाडं आहेत आणि पहिल्या आराखड्यात कुंपण थेट त्यांच्या बुंध्यांना लागून होतं. रोज कुत्री धावली की माती दबते, मुळांपर्यंत पाणी आणि हवा पोचत नाही. लघवीतल्या नायट्रोजनने गवत करपतं ते वेगळंच. म्हणून मी कुंपण मुळांपासून लांब घ्यायला लावलं. जागा कमी झाली म्हणून काही जण नाराज झाले, पण झाड गेलं तर सावलीही गेली. पायाखाली लाकडाच्या ढलप्या टाकायच्या, पाणी वाहून जाईल असा उतार द्यायचा आणि गवताचा भाग आलटून पालटून बंद ठेवायचा असं ठरलंय. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांचाही बागेवर तेवढाच हक्क आहे, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासूनही आम्ही लांबच आहोत.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी तिथे नव्हते आणि इथे परक्या आजींच्या कुत्र्याला फिरवते, हे तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही येतं. आजी "किती करतेस गं माझ्यासाठी" म्हणाल्या की मला उत्तर सुचत नाही. बाबा, थेंब वेळेवर घालता ना?

आता सुमीच्या लग्नाचं. मुलगा तुम्हाला आणि तिला पसंत आहे ना, मग माझ्या रजेसाठी तारीख अडवू नका. फक्त नक्की झाली की त्याच दिवशी कळवा, तिकिटं लवकर काढलेली बरी. हॉलसाठी एफडी मोडायचं बाबा म्हणत होते. अजिबात मोडू नका, मी या महिन्यात पाठवते. नेहमीच्यापेक्षा जास्त दिसले तर काळजी करू नका, मी काटकसरीने राहत नाहीये, खरंच.

आणि माझ्या लग्नाचं आत्ता नको. आधी सुमीचं नीट पार पडू दे. मावशीला सांग, तिने पाठवलेला फोटो मी पाहिला आहे, घरी आले की बोलू.

तुमची,
मनू